शेवटच्या फडापर्यंत न पोचलेला अभ्यास : एका फसलेल्या गटप्रकल्पाचे प्रकरण

धुळ्यात स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असताना आम्ही सहा जणांनी हाती घेतलेला प्रकल्प फसला. प्रकल्पाचा प्रश्न एका वाक्यात मांडता येण्यासारखा होता : साक्री तालुक्यात पांझरा नदीवर असलेल्या एका जुन्या फड बंधाऱ्याच्या पाटातून निघालेले पाणी पहिल्या फडाला, म्हणजे पाटाखालच्या शेतीच्या पहिल्या विभागाला, किती मिळते आणि शेवटच्या फडाला किती पोचते? आठ महिन्यांनी तोंडी परीक्षेत बाह्य परीक्षकांनी आम्हाला नेमके हेच विचारले, आणि बावन्न पानांचा अहवाल पुढ्यात असूनही आमच्यापैकी एकालाही उत्तर देता आले नाही. मी त्या गटाची प्रमुख होते. प्रकल्प का फसला याची कारणे तेव्हा आम्ही एकमेकांना सांगितली आणि ती सगळी खरीही होती. पण इतक्या वर्षांनी कागद पुन्हा काढून पाहिल्यावर मला असे वाटते, की त्यांतले एकही कारण मुळाशी जात नव्हते.

फड पद्धत आणि आमचा विषय

पांझरा नदी साक्री तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगरांत, पिंपळनेरच्या बाजूला उगम पावते आणि धुळ्यावरून पुढे शिंदखेडा तालुक्यात मुडावद येथे तापीला मिळते. या नदीवर, आणि शेजारच्या नाशिक जिल्ह्यात मोसम व आरम या नद्यांवर, दगडी बंधारे घालून शेती भिजवण्याची फड पद्धत काही शतके चालत आली. हे बंधारे पाणी साठवण्यासाठी नसतात. ते नदीची पातळी थोडी उंचावतात आणि पाणी काठाने काढलेल्या पाटात वळवतात. पाटाखाली भिजणाऱ्या सगळ्या जमिनीला थळ म्हणतात. थळाचे साधारणपणे तीन किंवा चार फड पाडलेले असतात, आणि एका फडात एका हंगामाला सर्वांनी एकच पीक घ्यायचे असते. पाटातून चारी (फडाकडे जाणारा फाटा), चारीतून सारंग (शेतापर्यंत नेणारी लहान वाट), आणि उरलेले पाणी सांडमाने बाहेर, अशी पाण्याची वाट असते. कोणत्या शेताला कोणत्या क्रमाने पाणी द्यायचे हे पाटकरी पाहतो. शेतमालकाने आपल्या हाताने पाणी वळवायचे नसते. पिकाची राखण जागल्याकडे असते, त्यांच्या कामावर हवालदार लक्ष ठेवतो, आणि पाटातला गाळ लाभधारक मिळून काढतात.

आमच्या मार्गदर्शक प्राध्यापकांना या पद्धतीबद्दल मनापासून आस्था होती. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ साली अभियंता म्हणून नोकरीला लागले, सुरुवातीच्या काळातच खान्देशात आले आणि पांझरेच्या परिसरात नळांचा सायफन बांधण्याचे काम त्यांच्याकडे आले होते, हे त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितले, तेव्हा आपण फार मोठ्या वाटेवर पाऊल टाकत आहोत असे आम्हाला वाटले होते. विषय चांगला होता. आजही मला तो चांगलाच वाटतो, आणि म्हणूनच तो आमच्या हातून वाया गेल्याची रुखरुख अधिक आहे.

कामाची वाटणी

सहा जणांच्या तीन जोड्या केल्या. एका जोडीने ऑटो लेव्हल हे उपकरण लावून पाटाचे तलांकन, म्हणजे उंचसखलपणाची मोजणी, करायचे आणि थळाचा नकाशा काढायचा. दुसऱ्या जोडीने पाटातील प्रवाह मोजायचा. त्यासाठी पाटाचा सरळ तुकडा निवडून, त्याचा काटछेद (आडवा छेद) घेऊन, लाकडाचे ठोकळे सोडून पृष्ठभागाचा वेग काढायचा आणि तळाशी वेग कमी असतो म्हणून तो साधारण ०.८५ ने गुणायचा, ही साधी पद्धत ठरली. तिसऱ्या जोडीने लाभधारकांच्या मुलाखती घ्यायच्या. मी तिसऱ्या जोडीत होते आणि अहवाल लिहिण्याचे कामही माझ्याकडे होते.

जुलैच्या शेवटी मी एका मोठ्या कागदावर नियोजनाचा तक्ता काढला. तो अजून माझ्याकडे आहे. त्यावर तीन रंगांच्या तीन आडव्या पट्ट्या आहेत. प्रत्येक पट्टी सप्टेंबरमध्ये सुरू होते आणि फेब्रुवारीच्या पंधरा तारखेला संपते. पट्ट्या समांतर आहेत आणि एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीकडे जाणारी एकही रेघ कागदावर नाही. प्राध्यापकांनी तो पाहिला, नीटनेटका आहे म्हणाले, आणि आम्हीही त्यावर समाधान मानले.

वास्तविक तिन्ही कामे एकमेकांत गुंतलेली होती. चाऱ्यांची तोंडे कुठे आहेत हे नकाशावर आल्याशिवाय प्रवाह कुठे मोजायचा हे ठरत नव्हते. फडांच्या सीमा सरकारी नकाशावर नसतात, त्या गावकऱ्यांच्या तोंडी असतात, म्हणजे नकाशा मुलाखतींवर अवलंबून होता. आणि मुलाखतीत शेतकऱ्याने ‘माझ्या शेताला पाणी उशिरा येते’ असे सांगितले, तर ते शेत पाटापासून किती लांब आहे हे कळायला पुन्हा नकाशाच हवा होता. हे सगळे आम्हाला समजत नव्हते असे मुळीच नाही. विचारले असते तर सहापैकी कोणीही सांगितले असते. ते कागदावर आले नाही, कारण मी कामे माणसांप्रमाणे वाटली. कोणते काम कोणत्या कामासाठी थांबणार आहे, हा प्रश्न मी कोणालाच विचारला नाही.

वेळ आटत गेला तेव्हा

सप्टेंबरमध्ये आम्ही पहिल्यांदा गावात गेलो तेव्हा नदीचे पाणी बंधाऱ्यावरून वाहत होते आणि पाटात गढूळ पाणी काठोकाठ होते. मोजणीला तो काळ उपयोगाचा नव्हता. ऑटो लेव्हल ऑक्टोबरअखेरपर्यंत दुसऱ्या गटाकडे होती. पुढे दिवाळी आली, मग सत्राची परीक्षा आली आणि ती डिसेंबरच्या मध्यापर्यंत चालली. रब्बीत पाट वाहता असतानाच मोजणी करायची होती, आणि त्या काळातले सहा-सात आठवडे असे निघून गेले. डिसेंबरच्या शेवटी आमच्या हातात ठरवलेल्या कामापैकी जेमतेम निम्म्या कामाचा वेळ उरला होता.

या प्रकरणाचा गाभा याच दिवसांत आहे. वेळ कमी पडला हे सर्वांना दिसत होते, आणि प्रत्येक जोडीने आपापल्या कामाला आपापल्या परीने कात्री लावली. नकाशाच्या जोडीने ठरवले, की तलांकन फक्त मुख्य पाटाचे करायचे आणि शेतांच्या हद्दी भूमी अभिलेख कार्यालयातून मिळालेल्या गावनकाशावरून घ्यायच्या. प्रवाहाच्या जोडीने जानेवारीत एका दिवसात तीन ठिकाणी मोजणी उरकली. ती तीन ठिकाणे त्यांनी मोटारसायकल पाटापर्यंत जिथे नेता येते तिथली निवडली. आम्ही मुलाखतवाल्यांनी फडवार निवड सोडून दिली आणि पारावर, दूध डेअरीवर, ज्यांची गाठ पडेल त्यांच्याकडून माहिती लिहून घेतली. यातला एकेक निर्णय स्वतंत्रपणे पाहिला तर समजूतदारपणाचाच होता, आणि कोणीही कामचुकारपणा केला नव्हता, हे मला इथे मुद्दाम नोंदवायचे आहे.

गटाचा एक संदेशसमूह होता. त्यावर मी दर रविवारी ‘कुठपर्यंत आले?’ असे विचारत असे, आणि दर रविवारी उत्तर येई, ‘चालू आहे’. काय सोडले, हे मी विचारले नाही. आमच्यातल्या दोघांचे आधीच एकमेकांशी फारसे पटत नव्हते. बैठक बोलावली की वाद होईल, वाद झाला की गट फुटेल, अशी भीती मला वाटत होती. गट सांभाळणे म्हणजे गटात शांतता राखणे, अशी त्या वेळी माझी समजूत होती.

देवपूरमधील रात्र

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात धुळ्यातल्या देवपूरमधल्या एका मित्राच्या खोलीवर आम्ही तिन्ही कामे जोडायला बसलो. फरशीवर नकाशा पसरला आणि मी मुलाखतींच्या वहीतली पहिली नोंद वाचली. शेतकऱ्याने आपले शेत जुन्या सर्वे नंबराने सांगितले होते. नकाशावर तो नंबर नव्हता, कारण नकाशा गट नंबरांचा होता. दुसरी नोंद वाचली, तिथेही तेच झाले. तिसऱ्या नोंदीत नंबरच नव्हता. शेताचे गावातले नाव होते, आंब्याखालचे.

जमिनींच्या एकत्रीकरणाचा कायदा १९४७ चा. त्याप्रमाणे योजना राबवली गेली तेव्हा गावोगावी जुन्या सर्वे नंबरांचे तुकडे एकत्र करून नवे गट पाडले गेले आणि सातबाऱ्यावर गट नंबर आले. फडांची ओळख मात्र त्याहून कितीतरी जुनी असल्यामुळे वयस्कर लाभधारक आजही आपले शेत जुन्या नंबराने किंवा नावाने सांगतात. जुना नंबर कोणत्या गटात गेला हे दाखवणारा एकत्रीकरणाचा उतारा मागितल्यावर मिळतो. तो मागवावा लागेल हे आम्हाला सप्टेंबरमध्ये कळू शकले असते. त्यासाठी एकच गोष्ट पुरेशी होती : नकाशाच्या जोडीतल्या कोणीतरी एका मुलाखतीला येऊन बसायला हवे होते, किंवा आमच्यातल्या कोणीतरी नकाशाचा कच्चा कागद घेऊन पारावर जायला हवे होते.

त्या रात्री एकतीस नोंदींपैकी नऊ नोंदी नकाशावर बसल्या. मग प्रवाहाच्या मोजणीची तीन ठिकाणे नकाशावर टाकली, तेव्हा लक्षात आले की त्यांतली दोन ठिकाणे पहिल्या फडाच्या चारीच्या वर आहेत, म्हणजे जिथून वाटप अजून सुरूच झालेले नाही तिथली. तिसरे ठिकाण दुसऱ्या फडाच्या मध्यावर होते. शेवटच्या फडाजवळ एकही मोजणी नव्हती. कोणी काही बोलले नाही. साडेबारा वाजले होते आणि नकाशाच्या जोडीतला मित्र पट्टीने दोन बिंदूंमधले तेच अंतर पुन्हा पुन्हा मोजत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सहाही जण गावाला गेलो. वर्षभरात सगळे एकत्र गेल्याची ती पहिलीच वेळ होती. पाट बंद झाला होता. कोरड्या पाटात एक वयस्कर पाटकरी पावड्याने कडेची माती ओढत होते. त्यांनी आमच्या हातातली उपकरणे पाहिली आणि अहिराणीत विचारले, “आते काय देखाले उनात?” (आता काय पाहायला आलात?) आम्ही काम सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि मग दुसरा प्रश्न केला, “तुमना कारभारी कोन शे?” तिघांनी माझ्याकडे पाहिले. दोघांनी प्रवाहाच्या जोडीतल्या एकाकडे पाहिले, कारण त्याचे मामा त्या गावचे होते आणि गावातली ओळख त्याची होती. मी म्हणाले, “आबा, आम्ही सगळे मिळून करतो.” त्यांनी मान हलवली आणि ते पुन्हा मातीला लागले.

त्या उत्तराचा मी पुढे बराच विचार केला. ते खोटे नव्हते, पण त्यांनी विचारले होते ते वेगळेच होते. काम कोण करतो हे त्यांना नको होते. पाणी कमी पडले तर कोणाचे दार आधी बंद करायचे, हे तुमच्यात कोण सांगतो, असे त्यांना विचारायचे असावे, असे मला आज वाटते.

फडावरून आमच्याकडे पाहताना

ज्या पद्धतीचा आम्ही अभ्यास करायला गेलो होतो, तिच्यात आमच्या अडचणीचे उत्तर होते, आणि ते आमच्या वहीत लिहिलेलेही होते. प्रकल्प चालू असताना त्या दृष्टीने ते वाचले गेले नाही. लाभधारकांनी सांगितल्याप्रमाणे हंगामाच्या आधी पंच आणि शेतकरी बसतात, नदीला किती पाणी आहे ते पाहतात, आणि त्या वर्षी कोणता फड भिजवायचा, कोणता कोरडवाहू ठेवायचा ते ठरवतात. पाणी कमी असेल तर क्षेत्र कमी करण्याचा निर्णय सगळ्यांचा मिळून आणि आधी होतो. प्रत्येकाने आपल्या बांधावर बसून आपापल्या मनाने पाणी कमी घ्यायचे, असे तिथे चालत नाही, कारण तसे केले तर शेवटच्या फडाला काहीच पोचणार नाही.

आम्ही नेमके तेच केले. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सहा जणांनी एक तास बसून ‘निम्मेच काम होणार आहे, तर कोणते निम्मे?’ असा प्रश्न घेतला असता, तर बहुधा तीन फडांपैकी पहिला आणि शेवटचा एवढेच घ्यायचे, दहाच मुलाखती पण त्या दोन फडांतल्याच घ्यायच्या, आणि मोजणी दोनच ठिकाणी पण योग्य दोन ठिकाणी करायची, असे ठरले असते. तो छोटा अभ्यास पुरा झाला असता. आम्ही मोठ्या अभ्यासाचे तीन अपुरे तुकडे केले. ती बैठक बोलावण्याचे काम गटप्रमुखाचेच होते, दुसऱ्या कोणाचेही नव्हते.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते आणि नियोजनाच्या चर्चेत ती क्वचितच येते. फड पद्धतीत एका शेतकऱ्याची जमीन बहुतेक वेळा एकाच फडात नसते. तिचे तुकडे दोन-तीन फडांत विखुरलेले असतात. त्यामुळे एक फड कोरडा ठेवण्याचा निर्णय झाला, तरी त्याची झळ थोडी थोडी सर्वांना लागते, आणि म्हणून तो निर्णय मान्य होतो. आमच्या गटात प्रत्येकाचा वाटा एकाच कामात होता. नकाशावाल्याला मुलाखतींचे काही देणेघेणे नव्हते आणि मला मोजणीचे. समजा, प्रत्येकाने दुसऱ्या दोन कामांत किमान एकेक दिवस घालवायचा एवढाच नियम मी जुलैमध्ये केला असता, तर सर्वे नंबर आणि गट नंबर यांचा घोळ पहिल्याच फेरीत उघडा पडला असता, आणि त्याहीपेक्षा, दुसऱ्याचे काम अडले तर ते आपलेही अडले आहे असे वाटायला जागा राहिली असती.

हा मसुदा मी नकाशाच्या जोडीतल्या मित्राला वाचायला दिला. त्याला हे विवेचन अर्धेच पटले. त्याचे म्हणणे असे, की बैठक झाली असती तरी मी कोणालाही ‘हे करू नको’ असे सांगितले नसते. सगळ्यांचे सगळे ठेवून आपण फक्त तारखा पुढे ढकलल्या असत्या. मला हे मान्य करावे लागते. काय करायचे ते सांगणे मला जमत होते, काय सोडायचे ते सांगणे जमत नव्हते, आणि दुसरे केल्याशिवाय पहिल्याला अर्थ नव्हता. ज्याने महिनाभर खपून मधल्या फडाची माहिती गोळा केली आहे, त्याला ‘ती आता नको’ म्हणून सांगणे कठीण असते, आणि गटप्रमुख म्हणून कोणालातरी निवडायचे असते ते त्याच क्षणासाठी.

ही तुलना किती ताणायची याचेही भान ठेवले पाहिजे. फडातल्या शेतकऱ्याचे पोट त्या निर्णयावर असते आणि तो निर्णय मोडणाऱ्याला त्याच गावात राहायचे असते. आमच्यावर तसा कोणताच दाब नव्हता. शिवाय फड पद्धतही सर्वत्र टिकलेली नाही. पांझरेच्या वरच्या अंगाला लाटीपाडा, तिला मिळणाऱ्या कान नदीवर मालनगाव अशी धरणे झाल्यावर नदीचे वाहणे बदलले, आणि थळात विहिरी वाढल्या. ज्याच्या शेतात स्वतःची विहीर आणि मोटर आहे, त्याला पाटाच्या पाळीसाठी बैठकीला येण्याची निकड उरत नाही. तो भांडण करत नाही, फक्त येईनासा होतो, असे एका लाभधारकाने आम्हाला सांगितले होते. प्रवाहाच्या जोडीकडे मोटारसायकल होती आणि बाकीचे चौघे एसटीने जात असू. त्यामुळे ते दोघे त्यांच्या सवडीने जाऊन येत, आमच्याबरोबर कधी आले नाहीत, आणि मी ते सोयीचे म्हणून चालू दिले. सोय त्यांची झाली आणि एकत्र जाण्यायेण्यातले चार तास, ज्यांत या सगळ्या गोष्टी आपोआप निघाल्या असत्या, ते गटाच्या हातून गेले.

पुढे

अहवाल परत आला. दोन महिन्यांची मुदत मिळाली. तोवर एकाची नोकरी सुरू झाली होती आणि एकजण पुण्याला गेला होता. उरलेल्या चौघांनी एकत्रीकरणाचे उतारे मागवले, एकतीसपैकी बावीस नोंदी गटांवर बसवल्या, प्रवाहाचे प्रकरण काढून टाकले आणि अहवालाचे नाव बदलून तो फक्त थळाच्या नकाशाचा अभ्यास म्हणून सादर केला. तो स्वीकारला गेला.

त्याच वर्षी नोव्हेंबरच्या शेवटी, पाट वाहता असताना, आम्ही तिघे पुन्हा गेलो. त्याला आता गुण नव्हते. निघण्याआधी काय मोजायचे हे ठरवले होते : पहिल्या फडाच्या चारीचे तोंड आणि शेवटच्या फडाच्या चारीचे तोंड, एकाच दिवशी, पाटकरी सांगतील त्या वेळी. तेच पाटकरी होते. मी नकाशाची एक मोठी प्रत त्यांच्यासाठी नेली होती, तिच्यावर प्रत्येक शेतात गट नंबर आणि त्याखाली कंसात जुना सर्वे नंबर लिहिला होता. त्यांनी ती पाटाच्या कडेला मांडीवर पसरली, बोट फिरवत फिरवत आपले शेत शोधले, नंतर शेजारच्या शेतावर थांबले आणि माझ्याकडे पेन्सिल मागितली. तिथला जुना नंबर आम्ही चुकवला होता. त्यांनी तो खोडून खाली बरोबर लिहिला, प्रत घडी करून सदऱ्याच्या आत ठेवली, आणि शेवटच्या चारीवर पाणी दुपारी दोनला लागेल असे सांगून ते पाटाने पुढे चालू लागले. आम्ही ठोकळे आणि टेप घेऊन त्यांच्या मागे निघालो.